वजन जातं कुठे?

[पडद्यावर जुनं कोरीव चित्र: तराजूच्या दांडीला टांगलेली खुर्ची, समोर वाढलेलं टेबल]

खुर्चीत बसलेला हा माणूस जेवतोय, आणि जेवताजेवता स्वतःला तोलतोय. नाव सँटोरिओ, पेशा डॉक्टरचा, नोकरी इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात. जवळजवळ तीस वर्षं त्यानं हा उद्योग केला. पोटात जाणारं सगळं तोलायचं, बाहेर पडणारंही तोलायचं. हो, मलमूत्रसुद्धा. तरी हिशेब जुळेना. १६१४ साली छापलेल्या पुस्तकात तो सांगतो, की दिवसभरात आठ पौंड खाल्लं-प्यायलं, तर त्यातले पाच पौंड डोळ्यांना न दिसता नाहीसे होतात.

त्याला वाटलं, ते बहुतेक त्वचेतून जात असावेत. ते निम्मंच खरं होतं.

[काचेच्या भांड्यात बर्फ, थेंबथेंब वितळताना]

१७८० च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं. त्याच्या अंगच्या उबेनं किती बर्फ वितळतो आणि त्याच्या श्वासातून किती वायू बाहेर पडतो, हे त्यांनी मोजलं. निष्कर्ष असा, की श्वसन म्हणजे संथ ज्वलन. मेणबत्ती जळते तसेच आपण जळतो, फक्त ज्योत दिसत नाही.

चयापचय म्हणतात तो हाच. अन्न मोडून ऊर्जा काढायची, त्याच अन्नातून शरीर बांधायचं, उरलं तर साठवायचं.

आता चरबीचं पाहा. दहा किलो चरबी पूर्ण जळली, की साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. ‘घाम गाळून चरबी उतरवली’ हे बोलायला ठीक आहे. प्रत्यक्षात ती बहुतांशी नाकातोंडावाटे गेलेली असते. पण म्हणून काही कुणी बसल्याजागी जोरजोरात श्वास घेऊ नये. चक्कर येईल, वजन तेवढंच राहील.

[पलंगावर निजलेली व्यक्ती, डोक्यावर पारदर्शक घुमट]

या घुमटातली हवा एका यंत्राकडे जाते, आणि श्वासातल्या वायूंवरून शरीर किती ऊर्जा खर्च करतंय ते यंत्र सांगतं. ही बाई अर्धा तास काहीही करणार नाही, तरी तिचा खर्च चालूच आहे. बहुतेकांच्या बाबतीत दिवसाच्या ऊर्जेपैकी ६० ते ७० टक्के अशी पडल्यापडल्याच जाते. मेंदू वजनानं जेमतेम दोन टक्के, पण या खर्चाचा पाचवा हिस्सा एकटा खातो. यकृत, हृदय, मूत्रपिंडं हेही उधळेच. स्नायू बसल्याजागी मात्र बरेच काटकसरी असतात.

‘माझा मेटाबॉलिझम स्लो आहे, म्हणून वजन वाढतं,’ हे वाक्य सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. थायरॉइडची ग्रंथी मंदावली असेल तर त्यात तथ्य असतं, तपासून घ्यावं. एरवी हा घुमट उलटंच सांगतो. शरीर जितकं मोठं, तितका त्याचा खर्च जास्त. वय वाढलं की चयापचय मंदावतो, या समजाचंही तेच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांवर माणसांच्या मोजणीत दिसलं, की शरीराचा आकार हिशेबात धरला तर विशीपासून साठीपर्यंत हा वेग जवळपास स्थिर असतो. चाळिशीतल्या पोटाचा दोष चयापचयाच्या माथी मारणं अवघड झालं, ते तेव्हापासून.

पण चयापचयाचा एक गुण खरोखर छळणारा आहे. वजन झपाट्यानं उतरलं, की शरीर हात आखडता घेतं. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. उतरलेलं वजन बहुतेकांनी बरंचसं परत मिळवलं होतं. तरीही त्यांची शरीरं, त्या आकारमानाला अपेक्षित असतं त्यापेक्षा, विश्रांतीत रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. अशा माणसाला ‘मनाचा निग्रह नाही’ म्हणून ऐकवणं मला तरी पटत नाही.

आणि वजनकाट्यावर न दिसणारंही पुष्कळ असतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. ते इन्शुलिनला, म्हणजे साखर आत घ्यायला सांगणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासे झाले, यकृतात चरबी साचली, की सडपातळ माणसालाही मधुमेह गाठू शकतो. चालण्याचा फायदा इथे असतो. काटा हलो न हलो, कामाला लागलेला स्नायू साखर ओढून घेतो.

[पहाट. अंधाऱ्या खोलीत कुणी वजनकाट्यावर उभं राहतं]

रात्री झोपण्याआधीचा आकडा आणि आत्ताचा आकडा. मधे ना जेवण, ना पाणी, ना लघवीला उठणं. तरी काटा थोडा खाली आलाय. त्यातलं बरंचसं पाणी, वाफ होऊन गेलेलं. आणि थोडासा कार्बन, रात्रभर उच्छ्वासातून खोलीत मिसळलेला.