शंभरचं टाक, भाऊ

(दृश्य : नागपूर, मानेवाडा रस्त्यावरचा पंप, उजाडण्याआधी)

पावणेसहा वाजलेत. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून पंपावरचा पोरगा डिपकाठी आत सोडतो. काठीच्या टोकाला बोटानं पेस्ट लावलीय. टाकीच्या तळाशी पाणी असेल, तर ती लाल होते. आज झाली नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाण्याचं फार वावडं. पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं आणि खाली बसतं.

मग काचेचा जार. त्यात तरंगणारा हायड्रोमीटर, शेजारी थर्मामीटर. दोन्ही आकडे तक्त्यात पाहून 15 अंश तापमानाला येणारी घनता काढायची आणि वहीत लिहायची. शेवटी पाच लिटरचं माप. मशीनवर पाच लिटर झाले की मापाच्या मानेवरच्या काचेत रेघ पाहायची. 25 मिलिलिटर इकडेतिकडे चालतं, त्यापुढे नाही. हे माप कोणत्याही गिऱ्हाइकाला मागता येतं. आम्ही कॅमेरा घेऊन चार तास उभे होतो, एकानंही मागितलं नाही.

(दृश्य : भावाचा आकडा, पहिली रांग)

16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी सहाला भाव ठरतो. म्हणजे ठरायला हवा. 2022 नंतर कित्येक महिने तो आकडा जागचा हलला नाही. पेट्रोल जीएसटीत नाही. दिल्लीचं उत्पादन शुल्क वेगळं, मुंबईचा व्हॅट वेगळा, आणि भरणारा मात्र एकच, हेल्मेट आरशाला अडकवून उभा असलेला.

"शंभरचं टाक, भाऊ."

"दोनशेचं."

"पन्नासचं होते का?"

लिटरचं नाव कोणी घेत नाही. 2021 साली पेट्रोलनं शंभरी ओलांडली, तोवर शंभराच्या नोटेत लिटर येऊन वर चहाचे पैसे उरायचे. आता त्याच नोटेत लिटर भरत नाही. पण नोट तीच आणि शब्दही तेच, त्यामुळे टाकीत किती कमी पडलं ते तोंडातून बाहेरच पडत नाही.

रांगेतले एक काका सांगतात, पेट्रोल सकाळीच भरावं, थंड असते, जास्त येते. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत हे पटतंसुद्धा. पण टाकी जमिनीच्या पोटात. तिथे सकाळ काय नि दुपार काय!

(दृश्य : सक्करदरा, गॅरेज, भिंतीवर टांगलेली सलाइनची बाटली)

ही बाटली दवाखान्यातली नाही. म्हणजे होती कधीतरी. आता ती मिस्त्रींची आहे आणि हा माहितीपट खरं तर तिच्यासाठीच केला.

"काय अॅव्हरेज देऊन राहिली?"

"आधी पंचावन्न देत होती. आता काहून कमी झाली, समजून नाही राहिलं."

घरोघरी जेवण पोहोचवणारा पोरगा आहे. गाडी बारा वर्षं जुनी, कार्ब्युरेटरवाली. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारा भाग. मिस्त्री त्याच्या अंदाजावर विश्वास ठेवत नाहीत. शिशी लावतात.

आधी पेट्रोलचा कॉक बंद. इंजिन चालूच ठेवायचं. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं जळून गाडी आपोआप बंद पडू द्यायची. ही पायरी सोडली तर सगळा हिशोब खोटा. मग नळी काढून सलाइनची नळी जोडायची आणि बाटली हँडलला उंच बांधायची. बाटलीत बरोबर 100 मिलिलिटर. छापील रेघा आहेतच. त्या मूळ कशासाठी होत्या, हे आता कोणाच्या ध्यानात नसतं.

मीटरचा आकडा तळहातावर बॉलपेननं लिहिला आणि निघाले. तुकडोजी पुतळा, मानेवाडा चौक, मग रिंग रोड. सिग्नलला गाडी बंद करायची नाही, पोरगा रोज करत नाही म्हणून. ओंकारनगरच्या पुढे गाडी गचकली, दोन आचके दिले आणि थांबली. मिस्त्रींनी कडेला एक वीट ठेवली. 4.7 किलोमीटर. दहानं गुणा, लिटरला सत्तेचाळीस.

(दृश्य : हात, पाना, स्क्रू)

एअर फिल्टर झटकला, तर कळकट धूळ पडली. मागचं चाक हातानं फिरवलं तर अर्ध्या फेरीत अडलं, ब्रेक घासत होता. हवा दोन्ही चाकांत कमी. मग मिक्स्चरचा स्क्रू. पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल आहे, आणि त्याचा मोठा आग्रह याच शहराच्या खासदारांचा, नितीन गडकरींचा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नव्या गाड्यांचा संगणक मिश्रण जुळवून घेतो, या गाडीला मिस्त्रींचा कान लागतो. ते स्क्रू पाव फेरी सोडतात, ऐकतात, किंचित मागे घेतात. आम्ही इथे निवेदन थांबवतोय, तुम्हीही ऐका.

पुन्हा वाटी रिकामी, पुन्हा 100 मिलिलिटर, पुन्हा तोच रस्ता. या वेळी वीट मागे गेली. पोरगा वळून वळून पाहतोय. 5.3.

महिन्याला हजारेक किलोमीटर धरले तर दोन-अडीच लिटर वाचतील. त्याच्या घरी ते कशाला लागतील ते त्यानं सांगितलं, पण कॅमेऱ्यासमोर नको म्हणाला.

(दृश्य : गॅरेजबाहेर निळी स्कूटर, शेजारी एक पोरगी)

एप्रिल 2020 नंतरची गाडी, प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमांची. पंप टाकीच्या आत, पेट्रोल दाबानं इंजेक्टरला जातं. हँडलला टांगलेल्या बाटलीतून तेवढा दाब येत नाही.

"काका, माझ्या गाडीचं शिशीवर नाही होत?"

"नाही होत बेटा. टाकी फुल्ल कर. नोझल आपोआप बंद पडते ना, तिथंच थांबायचं, वरून टिपकं नाही मारायचं. पुढच्या खेपेला त्याच पंपावर फुल्ल. किती किलोमीटर, किती लिटर, भाग द्यायचा."

"फुल्ल? म्हणजे कितीचं?"

मिस्त्री बाटली खिळ्याला लावतात. नळी पेट्रोलनं कडक झालीय, वाकवली की कड्कन वाजते. उद्या मेडिकल स्टोअरमधून नवी आणायचीय. पोरीनं पाकिटात किती आहेत ते मोजलं आणि ट्रिपमीटरचं बटण दाबून धरलं.

(दृश्य : अंगठा, मीटर, 0.0)