चुना का घालतात, सांग बघू

नमस्कार श्रोतेहो. आज विषय रसायनशास्त्राचा, पण घाबरू नका, गुऱ्हाळातच जायचंय.

निपाणीकडची माझी एक विद्यार्थिनी, दहावीतली. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं प्रश्न घेतला: उसाच्या रसात चुना का घालतात? तक्ता सुरेख. ‘आम्लीय माध्यमात सुक्रोजचे जलअपघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात.’ चूक एकही नाही. मी म्हटलं, हे आधी आज्जाला सांगून ये. आज्जा जन्मभर गुळव्या.

काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभी राहून तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. आज्जा मळी काढत होता. मान वर न करता म्हणाला, “हे कुणाला सांगाय लागलीस?”

पोरगी रडवेली. मग दप्तरातली निळी लिटमस पट्टी काढून ताज्या रसात बुडवली. तांबूस झाली. “आज्जा, रस आंबट हाय. आंबट रस तापला की साखर मोडती. मोडलेली साखर दाणा धरत न्हाई, ढेप चिकट होती. चुना आंबटपणा मारतोय.”

आज्जाचा झारा थांबला. “आणि चुना जादा पडला तर?”

हिला येईना.

“गूळ काळा पडतोय. लिही तक्त्यावर.”

पिवळाधम्मक गूळ बघून भुलणारी गिऱ्हाइकं मला मुळीच पटत नाहीत. तो रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा.

तर प्रदर्शनात परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, चुना जास्त झाला तर? हिनं आज्जाचं उत्तर दिलं, आज्जाचं नाव सांगून.

आता ही पोरगी विचारते, सर, यात नोकरी असते? असते की! साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट रसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेले एकूण घटक) आणि पोल (त्यातली साखर) मोजतो. पीयूसी सायन्स, म्हणजे आपल्या कर्नाटकातली अकरावी-बारावी, मग बी.एस्सी. साखरेचंच शिकायचं तर निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आपल्या बेळगावातच आहे. आणि पुन्हा सांगतो, नुसतं मोजून भागत नाही, सांगता आलं पाहिजे. रिपोर्ट इंग्रजीत, पाळीतल्या कामगाराशी कन्नडमध्ये, ऊस घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी मराठीत. तिन्ही भाषा आपल्या पोरांच्या कानावर लहानपणापासून असतात. इंग्रजी माध्यमाला हजारो रुपये मोजणाऱ्यांना हे कोण सांगणार, जाऊ दे.

हंगाम चालू आहे. लिटमस पट्ट्या शाळेतून मागून घ्या, रसात एकदा चुन्याआधी बुडवा, एकदा चुन्यानंतर. काहिलीपासून मात्र लांब उभं राहा, रस उडतो.