धक्क्याखालचा गाळ

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच दिवसभर सुटतात. इथलं पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलतं. आज भरलेली बाटली कालचं काहीच सांगत नाही. बोटीच्या बुडाचा तांबं असलेला रंग, इंजिनाचं तेल, सांडपाणी, सगळं जाऊन बसतं ते गाळात.

नमुना काढायचा तो जबड्याच्या ग्रॅबनं, बोटीचं इंजिन बंद करून. शेवटचे एक-दोन मीटर दोर अगदी सावकाश सोडायचा. ग्रॅब दाणकन आपटला, तर वरचा मऊ थर त्याच्या धक्क्यानंच उडतो, आणि आपल्याला हवा असतो तो तोच. जबड्यात शिंपला अडकून पाणी गळत असेल, तर नमुना टाकून द्या, पुन्हा घ्या.

झाकण उघडलं की वर नितळ पाणी दिसलं पाहिजे. त्याखाली तपकिरी साय, आणि सायीखाली काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल. वरचे दोन सेंटिमीटर मधूनच उचलायचे, लोखंडाला लागलेला भाग सोडून. धातूंसाठी प्लॅस्टिकचा चमचा, तेलासाठी काचेची बरणी. दोन्ही लगेच बर्फात.

खरी गफलत पुढे होते. अमेरिकी मार्गदर्शक तक्त्यात तांब्याची खालची पातळी, म्हणजे जिच्याखाली जीवांना अपाय क्वचितच होतो ती, किलोला 34 मिलिग्रॅम. आपला दख्खनचा काळा दगडच मुळात तांब्याचा. त्यात बऱ्याचदा 100 हून जास्त असतं. त्याच्याच झिजेचा गाळ या तक्त्याला लावला, तर स्वच्छ खाडीही दूषित ठरेल. म्हणून 63 मायक्रॉनच्या चाळणीखालचा गाळ घ्या, तांब्याला ॲल्युमिनियमनं भागा (ते बहुतेक दगडातूनच येतं, म्हणून दगडाचा वाटा कळतो) आणि तो आकडा याच बंदरातल्या, वर्दळीपासून लांबच्या गाळाशी ताडून पाहा. गाळ मात्र हायड्रोफ्लोरिक आम्लानं पूर्ण विरघळवायला हवा. नुसत्या आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात) ॲल्युमिनियम अर्धवटच सुटतं आणि भागाकार फुगतो.

धक्क्यालगत बोटींचे पंखे गाळ सतत ढवळतात. तिथल्या थरांवरून वर्षं मोजू नका. गाळउपसा कधी झाला, तेही आधी विचारून घ्या.

एका ठिकाणाहून तीन नमुने घ्या, वेगवेगळे मोजा. एकातच तांबं उसळलं, तर उरलेला गाळ भिंगाखाली धरा, बुडाच्या रंगाचा पोपडा शोधा. सापडला तर वेगळा नोंदवा. तोही प्रदूषणच, पण त्या एका पोपड्याचा आकडा अख्ख्या धक्क्याच्या नावावर लिहू नका.