धोटा, बिल्ला आणि एक सेकंड चादर

(दृश्य: लाकडी धोटा, अगदी जवळून.)

हा धोटा, मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे पोकळ पोट. त्या पोटात सुताची कांडी बसते. बाजूला हे बारीक भोक दिसतंय, त्यातून धागा बाहेर निघतो. कांडी संपली की नवी घालायची आणि धागा या भोकातून ओढून घ्यायचा. कशानं? तोंडानं. भोकाला ओठ लावून श्वास आत ओढला की धागा जिभेवर येतो. कापसाची धूळही येते. अख्ख्या धोट्यावर चरे पडलेत, फक्त या भोकाभोवतीचं लाकूड काचेसारखं गुळगुळीत आहे.

(दृश्य: गल्ली, ओटा, दार.)

सोलापूरचा पूर्व भाग. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. पद्मशाली विणकरांची ही वस्ती. यांचे वाडवडील निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून, इथं आले. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांची कापड गिरणी सुरू झाली. गाव तिला पुढं ‘जुनी मिल’ म्हणू लागलं. मग आणखी गिरण्या आल्या, आणि सोलापूर भोंग्यावर उठू लागलं, भोंग्यावर जेवू लागलं.

(दृश्य: पत्र्याची ट्रंक. किल्ली फिरते.)

ही ट्रंक वर्षातून एकदाच उघडते. नारळी पौर्णिमेला, पद्मशालींचं दैवत मार्कंडेय, त्याचा रथ निघतो त्या दिवशी. किल्ली अव्वांच्या कमरेला. अव्वा म्हणजे आजी. आजोबांना घरात ताता म्हणत. धोटा त्यांचा.

आणि हा त्यांचा पितळी बिल्ला. गिरणीच्या दारात हजेरी लागायची ती या नंबरावर. आता त्यातले दोनच आकडे वाचता येतात, चार आणि सात. ताता तो करगोट्यात ओवायचे, म्हणून मधला आकडा घासून गेला असावा. नातू म्हणतो, मधे शून्य होतं. अव्वा म्हणतात, एक होता. हा वाद दरवर्षी होतो.

(दृश्य: विडीची कात्री, पान कापायचा पत्रा.)

कात्री अव्वांची. तेंदूचं भिजवलेलं पान या पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मजुरीचा हिशोब हजार विड्यांवर. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत नवरा मागावर आणि बायको विड्यांवर, असाच संसार चालला. सोलापूर म्हटलं की आपण चादर म्हणतो. विडी कुणी म्हणत नाही.

(दृश्य: कारखाना. माग सुरू होतो. काही सेकंद फक्त खडखडाट.)

गिरणी बंद पडली, थकलेल्या पैशातलं बरंच बुडालं, आणि ताता अशा एका कारखान्यात आले.

आता नजर वर न्या. मागाच्या डोक्यावर हे जेकार्ड. त्यावरून फिरणारी ही पुठ्ठ्यांची माळ. प्रत्येक पुठ्ठ्याला भोकं आहेत. भोक असेल तिथं सुई आत जाते, हुकासारखा आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले उभे धागे उठतात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. उठलेल्या आणि बसलेल्या धाग्यांच्या मधल्या फटीतून धोटा धावतो. आडवा धागा पडतो, फणी तो ठोकून बसवते. तोवर पुढचा पुठ्ठा हजर. एका पुठ्ठ्याला एक आडवी ओळ. अशा शेकडो ओळी एकावर एक चढतात तेव्हा कुठं एक मोर उभा राहतो.

मोर छापलेला नाही, विणलेला आहे. चादर उलटून बघा. इकडं मरून रंगावर पांढरा मोर, तिकडं पांढऱ्यावर मरून. छापील कापडाला ही दुसरी बाजू नसतेच. रस्त्यावर ‘सोलापुरी’ म्हणून जे स्वस्तात विकतात ते घेताना एवढं जरूर बघा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव इथल्याच चादरीला लावायचं, पण बाजारात ते कोण विचारतं!

(दृश्य: चादर, ट्रंकेच्या तळाशी. बोट एका जागेवर थांबतं.)

ट्रंकेतली ही चादर नीट बघा. मोराची मान इथं तुटलीय. माळेतला एक पुठ्ठा फाटला होता, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत चादर पुरी झाली. असला माल विकायला जात नाही, त्याला ‘सेकंड’ म्हणतात. ती ताता घरी घेऊन आले. अव्वा सांगतात, “पोरं हिच्यातच मोठी झाली. एकालाबी मान तुटलेली दिसली नाही.”

(दृश्य: डॉ. कोटणीस यांचं स्मारक, बाहेरून.)

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९१० साली इथं जन्मले, जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली चीनमध्ये वारले. सोलापुरातलं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय, आणि ते योग्यच आहे. धोट्यांचं मात्र असं झालंय, की भंगारवाला टोप्यांचं लोखंड तेवढं घेतो आणि लाकूड परत देतो.

(दृश्य: पुन्हा ट्रंक. अव्वा चादरीची घडी घालतात.)

तातांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. छातीचा आजार होता.

घडी घातली की तुटलेल्या मानेचा भाग दरवेळी वर येतो. आज कॅमेरा आहे म्हणून नातवानं घडी उलटून ठेवली. अव्वांनी ती परत सुलटी केली.

(दृश्य: ट्रंकेचं झाकण, कडी, किल्ली. निवेदन नाही. बाहेरून रथाच्या मिरवणुकीचा आवाज.)