तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत पोहोचणारे प्रशिक्षण

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिक जिल्ह्यात पिकणाऱ्या मालाचे भवितव्य आता केवळ नाशिकमध्ये ठरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा लासलगावच्या बाजार समितीत भाव कोसळले आणि त्याच सुमारास बांगलादेशात कांदा कडाडला. त्याआधी २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, युरोपात माल नाकारला गेला आणि बागायतदारांना जबर फटका बसला. अशा वेळी रसायनाच्या अंशाची मर्यादा कोण ठरवते, प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचायचा, नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या बंदरात अडकलेल्या मालाची खातरजमा कोणाकडे करायची, हे ज्या वार्ताहराला ठाऊक असते त्याची बातमी शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. ज्याला ठाऊक नसते, त्याला व्यापारी किंवा पुढारी सांगतील ते छापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पत्रकारांच्या प्रशिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य मला मोलाचे वाटते ते याच कारणासाठी.

हे सहकार्य नवे नाही. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या थॉमसन फाउंडेशनने विकसनशील देशांतील पत्रकारांना शिकवण्याचे काम हाती घेतले. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या उभारणीत युनेस्कोच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. पुढे याच संस्थेत भारत सरकारच्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून आशिया आणि आफ्रिकेतील पत्रकार विकास पत्रकारिता शिकण्यासाठी येऊ लागले. जो देश शिकत होता तो शिकवूही लागला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. जगातील बातम्यांचा ओघ मोजक्या श्रीमंत देशांकडून इतरांकडे वाहतो, या तक्रारीचा विचार युनेस्कोने नेमलेल्या, शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केला आणि १९८० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतातील पत्रकार बी. जी. वर्गीस त्या आयोगाचे सदस्य होते. त्याच वर्षी युनेस्कोने संज्ञापनाच्या, म्हणजे माहितीच्या देवाणघेवाणीच्या, विकासासाठी आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पत्रकारांचे प्रशिक्षण हे त्याचे एक प्रमुख काम राहिले.

मात्र या साऱ्याचा लाभ प्रामुख्याने महानगरांत राहणाऱ्या आणि इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या पत्रकारांना मिळाला, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चांदवड, येवला किंवा सुरगाण्याहून बातमी पाठवणारा वार्ताहर बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करतो, अनेकदा जाहिराती मिळवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते, आणि महिनाभर परदेशात जाऊन शिकण्याची मुभा त्याला कोण देणार? म्हणून परदेशी शिष्यवृत्तींची संख्या वाढवण्यापेक्षा प्रशिक्षण मराठीत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आणणे मला अधिक निकडीचे वाटते.

शिवाय केवळ व्याख्याने ऐकून हे कसब अंगी बाणत नाही. २०१६ मध्ये उजेडात आलेल्या पनामा पेपर्सचे, म्हणजे परदेशी कंपन्यांआड ठेवलेल्या संपत्तीचा तपशील देणाऱ्या, पनामातील एका कायदा कंपनीतून फुटलेल्या कागदपत्रांचे उदाहरण घ्या. सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज, जवळपास ८० देश आणि साडेतीनशेहून अधिक पत्रकार असा त्या शोधाचा व्याप होता, आणि भारतातून ‘इंडियन एक्स्प्रेस’ त्यात सहभागी होता. वेगवेगळ्या देशांतील पत्रकारांनी एकाच कागदपत्रांवर काम करताना एकमेकांना शिकवले. नाशिक आणि ढाक्याच्या पत्रकारांनी मिळून एका हंगामात कांद्याच्या गाडीचा शेतापासून ग्राहकापर्यंत माग काढला, तर दोन्हीकडच्या वाचकांना मधल्या नफ्याचा हिशेब प्रथमच कळू शकेल.

पैशाचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. परकीय योगदानासंबंधीच्या २०१० च्या कायद्यानुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, संपादक आणि मालक यांना परदेशी निधी स्वीकारता येत नाही. शिष्यवृत्तीला मात्र त्यात सूट आहे. बातमीवर बाहेरच्या पैशाचा प्रभाव पडू नये ही काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच अशा कार्यक्रमांचा खर्च कोण करतो आणि अभ्यासक्रम कोण ठरवतो, हे प्रशिक्षणार्थींना पहिल्याच दिवशी उघडपणे सांगितले गेले पाहिजे.

नाशिकला जगाकडून तातडीने शिकण्यासारखी आणि जगाला शिकवण्यासारखी एक बाब म्हणजे गर्दीचे वार्तांकन. २००३ च्या सिंहस्थात येथे चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा बळी गेला. २०१५ मध्ये मक्केजवळ मिना येथे आणि २०२२ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या इतेवान भागात याहून मोठ्या दुर्घटना घडल्या. मृतांच्या आकड्याची खातरजमा कशी करावी, नातेवाइकांशी कसे बोलावे, कोणते छायाचित्र छापू नये आणि हे सारे पाहिलेल्या पत्रकाराने स्वतःच्या मनाची काळजी कशी घ्यावी, याचा अनुभव त्या ठिकाणच्या वार्ताहरांकडे आहे. २०२७ च्या सिंहस्थापूर्वी त्यांच्यापैकी काहींना येथे बोलावून, शेजारी दुभाषी बसवून, जिल्ह्यातील वार्ताहर, छायाचित्रकार आणि पोलीस अधिकारी यांची एकत्र कार्यशाळा घ्यावी, आणि तिच्यासाठी येथील पत्रकार संघ, पत्रकारिता शिकवणारी महाविद्यालये आणि जिल्हा प्रशासन यांनी आताच एकत्र बसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.