गैरहजरांची यादी

(दृश्य: मोबाईलवर सीईटीचं स्कोअरकार्ड. दशांश चिन्हापुढे सात आकडे.)

डेटा सायन्स शिकायला येणारं प्रत्येक पोरगं आधी स्वतःच डेटा होऊन येतं. एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते, सत्रागणिक पेपर वेगळा, म्हणून मार्कांचं पर्सेंटाइल, म्हणजे आपल्या सत्रातली किती टक्के मुलं आपल्या मागे, ते काढतात आणि ते दशांश चिन्हापुढे सात घरांपर्यंत छापतात. चौथ्या घरात फरक पडला तरी मेरिट नंबर मागेपुढे होतो. त्या दिवशी ताप होता का, परीक्षा केंद्र घरापासून किती लांब होतं, हे सात घरांत कुठे येत नाही.

आपल्या गोष्टीतली मुलगी बार्शीची. वडील एसटीत कंडक्टर. तिने नाव घेऊ नका म्हणून बजावलंय, कारण नातेवाईक हा व्हिडिओ बघणार आणि लगेच पॅकेज विचारणार. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये तिला कॉम्प्युटर हवं होतं, मिळालं एआय अँड डीएस, म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगमधली ही शाखा 2020 च्या अभ्यासक्रमाची, म्हणजे अगदी कालपरवाची. घरी समजावून सांगायला एकही थोरला भाऊ-बहीण या शाखेतला नाही. आता ती बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे. उपनगरात कॉट बेसिसवर राहते, दोन वेळची मेस लावलीय.

शाखा नवी असली तरी पुण्याला हे काम नवं नाही. 1930 साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने त्याच दशकात धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. माणसं वह्या घेऊन दारोदार फिरली. विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग आला 1953 साली, कोल्हापूरचे वसंत हुजूरबाजार त्याचे पहिले प्रमुख. तेव्हा याला कुणी सायन्स-बियन्स असं चमकदार नाव दिलं नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

(दृश्य: लॅब. पडद्यावर फुलांचे रंगीत ठिपके.)

लॅबमधलं पहिलं प्रॅक्टिकल ठरलेलं असतं. आयरिस. रोनाल्ड फिशर यांनी 1936 मध्ये वापरलेली 150 फुलांची मापं, तीन जातींची, प्रत्येकी 50. एकही रकाना रिकामा नाही. जगातल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ही फुलं प्रत्यक्ष पाहिलेली नसतात, पण त्यांच्या पाकळ्यांची लांबी त्यांना पाठ असते.

दुसरं प्रॅक्टिकल टायटॅनिकचं. कॅगल या डेटाच्या वेबसाइटवरच्या सरावाच्या फाइलमध्ये 891 प्रवासी आहेत आणि त्यातल्या 177 जणांच्या वयाची नोंदच नाही. जर्नलमध्ये सगळे एकच उत्तर लिहितात: रिकाम्या जागी सरासरी भरा. एका ओळीचं काम. ओरलला तिने बाहेरून आलेल्या परीक्षकांना विचारलं, "सर, पण वय नोंदायचं राहिलं ते कुणाचं?" ते म्हणाले, "पुढचा रोल नंबर."

हा प्रश्न बिनकामाचा नव्हता. त्या 177 जणांत बुडालेल्यांचं प्रमाण वय नोंदलेल्यांपेक्षा जास्त आहे. वाचलेल्याला नंतर वय विचारता येतं. फाइल उघडून दोन ओळी लिहिल्या तर कुणालाही हे दिसेल. जर्नलच्या झेरॉक्समध्ये मात्र ते दिसत नाही.

(दृश्य: कॅन्टीनच्या मागची बाजू. दोन टेबलं जोडून बसलेली मुलं, मध्ये एकच चार्जर.)

कॉलेजात क्लब किती असतात ते विचारू नका. कोडिंगचा, रोबोटिक्सचा, उद्योजकतेचा, ट्रेकिंगचा, आणि क्लबांचे फोटो काढणारा एक वेगळाच. डेटा क्लबमध्ये ती दुसऱ्या वर्षी, एसईला शिरली. डेटाचं काम मिळेल या आशेने गेली, मिळालं ते पोस्टर चिकटवायचं, हॉलसाठी डीनची सही आणायचं आणि पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या मोजायचं. तिसऱ्या वर्षी, टीईला ती क्लबची सेक्रेटरी झाली.

एफईच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची कार्यशाळा ठरली. गुगल फॉर्म फिरला. शाखेच्या रकान्यात काय काय आलं बघा: एआयडीएस, एआय-डीएस, ए आय आणि डी एस, डेटा सायन्स, आणि एका मुलाने लिहिलं होतं, "हो". नोंदणी भरपूर झाली, हॉल निम्माच भरला, आणि जे आले त्यातलेही शेवटपर्यंत सगळे थांबले नाहीत. पण फीडबॅक? पाचपैकी जवळजवळ पाच. क्लबच्या ग्रुपवर फटाके आणि टाळ्या.

त्या शनिवार-रविवारी ती बार्शीला गेली. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे घरी जाणं जरा परवडतं. जेवताना तिने कौतुकाने ती सरासरी सांगितली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी विचारलं, "अन् जी उठून गेली त्यांनी किती दिले?"

त्यांनी काही दिलेच नव्हते. फीडबॅकची लिंक शेवटच्या स्लाइडवर होती, सर्टिफिकेटच्या सोबत.

अण्णांनी वेबिलाचं उदाहरण दिलं. कंडक्टर दिवसभराचा हिशेब वेबिलात देतो: किती तिकिटं फाडली, कुठून कुठे, किती रुपये. सकाळची गाडी आधीच भरून येते, मधल्या थांब्यावर ड्रायव्हर थांबत नाही, आणि हात करून उभी राहिलेली माणसं तशीच राहतात. "कागदावर ती गाडी फुल्ल. लई भारी रूट. पर थांब्यावर राह्यलेली माणसं वेबिलात येत न्हाईत गं."

चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एखाद्या युनिटभर पसरलेली गोष्ट त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकली. मी ही फिल्म त्याच वाक्यासाठी करतोय हे लपवत नाही.

परत आल्यावर तिने नोंदणीच्या यादीतून फीडबॅक देणाऱ्यांची नावं वजा केली. उरली ती गैरहजरांची यादी. क्लबच्या चौघांनी वाटून घेऊन फोन लावले. "दादा, सर्टिफिकेट मिळेल का?" असं विचारणारे निघाले, ते धरलेच होते. पण बाकीच्यांनी सांगितलं ते फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. लॅपटॉप नाही, मोबाईल घेऊनच आलो होतो. पाचला सुरू होणार होतं, आमच्या गावची शेवटची गाडी सहाची. इन्स्टॉल करतानाच अडकलो, तोवर स्लाइड पुढे गेल्या. एक मुलगी म्हणाली, "सगळ्यांना येत होतं ताई, मलाच येत नव्हतं, म्हणून उठले." हेच वाक्य जवळजवळ तसंच आणखी तिघा-चौघांनी सांगितलं. म्हणजे एकाच हॉलमध्ये ही सगळी एकमेकांच्या शेजारी बसली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

पुढची कार्यशाळा दुपारच्या सुट्टीत झाली, डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये, ब्राउझरमध्येच पायथन चालवणाऱ्या गुगल कोलॅबवर, म्हणजे इन्स्टॉल करायची भानगडच नाही. शिकवलं मराठीतून. फीडबॅक मध्यावरच घेतला. सरासरी धाडकन खाली आली. क्लबातल्या काहींना ते झोंबलं. वार्षिक अहवालात जुनाच आकडा टाकू या, असंही कुणीतरी सुचवलं. ती खूश होती. या वेळी वैतागलेले लोकही मोजले गेले होते.

हॅकेथॉनबद्दल थोडक्यात. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ही दिलेल्या प्रश्नावर संघाने उपाय शोधायची स्पर्धा 2017 पासून चालू आहे. संघ सहा जणांचा आणि त्यात निदान एक मुलगी हवी, असा नियम. त्यामुळे नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात, एरवी कधी न बोललेल्या मुलांचे "हाय, टीम आहे का गं तुझी?" असे मेसेज तिच्याकडे थडकतात. ती प्रत्येकाला एकच विचारते: प्रॉब्लेम स्टेटमेंट कुठलं घेतलंय? बहुतेकांकडून पुढे उत्तर येत नाही.

(दृश्य: रात्रीची तालीम. रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला लावलेली, फरशीवर खडूच्या खुणा.)

खरी ओढ मात्र कॉलेजात नाटक करणाऱ्या आर्ट सर्कलची. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा भरवते, आणि पावसाळा लागला की पुण्यातल्या कॉलेजांचं डोकं एकांकिकेशिवाय चालत नाही. रस्सीखेच स्पर्धेतल्या प्रवेशापासूनच सुरू होते. ज्यांनी भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचाऽ" ऐकलेलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी ऐकलंय त्यांच्या कानात ते अजून घुमत असेल.

ती स्टेजवर कधीच गेली नाही. विंगेत असते. प्रकाशयोजनेची क्यू-शीट तिच्याकडे: कुठल्या वाक्याला कुठला दिवा, किती सेकंदांत मंद. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि घरमालकीणबाईंचं दार दहाला बंद होतं. यावर दर पावसाळ्यात वाटाघाटी होतात. एका वर्षी काकूच प्रयोगाला आल्या. तेव्हापासून फक्त फोन करून सांगायचं, एवढीच अट उरली.

आर्ट सर्कलमध्ये डेटावाली म्हणून तिची चेष्टा चालते. एकाने गंभीरपणे विचारलं होतं, मागच्या वर्षांचे निकाल घालून यंदा कोण जिंकेल ते काढ की. तिने नकार दिला. परीक्षक दर वर्षी बदलतात, संहिता नव्या, नटही नवे. शिवाय 2022 चं काय करणार? त्या वर्षी परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही, आणि करंडक कुणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. त्याआधीच्या निकालांवर शिकवलेलं कुठलंही मॉडेल कुठल्या तरी कॉलेजचं नाव देणारच. 'कुणीच नाही' हे उत्तर त्याने कधी पाहिलेलंच नसतं.

या सगळ्याची किंमत हजेरीच्या रजिस्टरात पडते. 75 टक्क्यांच्या खाली गेलात की डिफॉल्टर लिस्टवर नाव आणि घरी पत्र. तालमीच्या दिवसांतला तिचा 'ए' आणि रूमवर झोपलेल्या मुलाचा 'ए' रजिस्टरात सारखाच दिसतो. आर्ट सर्कलच्या सरांनी सही दिली तर काही तास माफ होतात, पण ते सर सापडायला हवेत. बार्शीला पत्र गेलं तेव्हा अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, "नाटकाचं का दुसरं काही?"

सध्या प्लेसमेंटचा मोसम आहे. ॲप्टिट्यूड, मग कोडिंग, मग एचआर. दोन कंपन्यांच्या शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन ती परत आलीय, तिसरीची वाट बघतेय. यावर तिला कॅमेऱ्यासमोर बोलायचं नव्हतं.

बोलली ती बीईच्या प्रोजेक्टवर. बाकीचे गट कॅगलवरून तयार डेटा उचलून बसलेत. तिच्या गटाचा विषय आहे, एसटीच्या मधल्या थांब्यांवर गाडीत जागा न मिळाल्याने मागे राहणारे प्रवासी. कंडक्टरच्या तिकीट-मशीनमध्ये तिकिटं आहेत, प्रवासी आहेत, रुपये आहेत. मागे राहिलेल्यांची नोंद कुठेच नाही. दिवाळीच्या सुट्टीत चौघं बार्शी भागातल्या थांब्यांवर सकाळी वह्या घेऊन उभे राहणार आहेत. कुठल्या थांब्यावर उभं राहायचं ते अण्णांनी लिहून दिलंय, आणि सोबत सूचना: छत्री न्या, ऊन असलं तरी.

सिनॉप्सिसच्या फॉर्ममध्ये 'डेटासेट' असा रकाना असतो. तिथे तिने लिहिलं, "उपलब्ध नाही. गोळा करणार." गाइड सरांनी सही केलीय. खाली लाल पेनाने शेराही मारलाय: डिसेंबरपर्यंत जमलं नाही, तर विषय बदला.