साखळीचा हापसा

(दृश्य : पाना फिरतो, हापश्याचं झाकण निघतं)

झाकणाला बोल्ट एकच. तो सैल केला की हापश्याचं पोट उघडं पडतं. आत दांड्याच्या टोकाला पोलादी कमान आणि कमानीवरून लोंबणारी साखळी, सायकलच्या चेनसारखी, पण जाडजूड. दांडा दाबला की साखळी वर ओढली जाते, तिच्यामागून सळई. साखळी कमानीची गोलाई सोडत नाही, म्हणून सळई सरळ उभी चालते. कलत नाही, पाईपला घासत नाही.

ही साखळी सोलापूरची.

(दृश्य : कमान आणि साखळी, अगदी जवळून)

१९६०च्या दशकात खेड्यांत बसवलेले हातपंप ओतीव लोखंडाचे होते. एका कुटुंबापुरता बेतलेला पंप, आणि त्यावर अख्खं गाव. पिन झिजायची, दांडा मोडायचा, पंप गंजत पडायचा. मग जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत पोलादी पंप तयार झाला. सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मिशनऱ्याने त्याच धर्तीवर पुढचा पंप घडवला. दांड्याला एकच सांधा आणि ही साखळी. युनिसेफच्या मदतीने त्यावरूनच ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला. १९७०चं दशक संपता संपता तो कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला, पुढे आफ्रिकेतही गेला. मराठवाडा आणि सोलापूरची ही कामगिरी आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावी, असा प्रश्न पडतो.

(दृश्य : तिपाई, पाईप वर येतात, वस्तीतली माणसं हात लावतात)

दुरुस्तीसाठी आता पाईप उपसायचे. एक वर आला की क्लॅम्प आवळायचा, वर आलेला पाईप सोडवून बाजूला ठेवायचा, मग दुसरा. क्लॅम्प निसटला तर खालचं सगळं बोअरमध्ये जातं, म्हणून इथे कुणी बोलत नाही. शेवटी पाणी उचलणारा सिलिंडर येतो. बिघाड हा एवढासा वॉशर. पूर्वी तो चामड्याचा असे, आता रबराचा.

(दृश्य : ओटा, सांडपाण्याची चर)

बोअरचं तोंड बंद, त्यात बादली बुडत नाही, हात जात नाही. ओट्याला मात्र तडा नको, नाहीतर सांडलेलं पाणी तिथेच मुरतं. पाण्यात विरघळलेल्या फ्लोराईडपुढे मात्र हापश्याचं काही चालत नाही. ते दिसत नाही, तपासावंच लागतं. पायऱ्यांच्या विहिरीच्या पाण्यातून अंगात शिरणारा नारूचा जंत देशातून गेला. २००० साली तसं जाहीर झालं, आणि त्यात या पंपाचाही वाटा आहे.

(दृश्य : सौर पॅनेल, टाकी)

शेजारी पाच हजार लिटरची टाकी. दुहेरी पंप योजनेत एकाच बोअरमध्ये सौरपंपही बसतो आणि हापसाही. ऊन असेल तेव्हा मोटर, नसेल तेव्हा दांडा. सोय चांगलीच. पण टाकी भरायला लागली की हापश्याकडे कुणी बघत नाही, आणि सौरपंपाचा कंट्रोलर बिघडला की तालुक्याच्या वाटेकडे डोळे. वॉशर बदलायला वस्तीतलीच चार माणसं पुरतात. पाने आणि वॉशर ग्रामपंचायतीत ठेवा, एवढंच मागणं आहे.

(दृश्य : बोअरमध्ये टीसीएलचं पाणी)

जोडणी झाली. आता टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, कालवून बोअरमध्ये ओतायची, मुरू द्यायची, मग वास जाईस्तोवर हापसून पाणी सोडून द्यायचं. तोवर रांगेतल्या हंड्यांना थांबावं लागेल.